खोके तेच, आतले यंत्र निराळे

मॉरिशसहून दुबईला जाणाऱ्या आपल्या माणसाच्या खिशात बहुधा दोन याद्या असतात. एक घरातल्या बायकांनी दिलेली. तीत सोने, कापड, अत्तर, केशर असा माल असतो आणि तो घ्यायला कोणाला शिकवावे लागत नाही. दुसरी यादी मुलांनी लिहिलेली असते, आणि ती वाचताना मोठ्यांची तारांबळ उडते.

२०१७ सालच्या डिसेंबरात माझ्या शाळेतल्या एका मुलाने आपल्या काकांना अशीच एक चिठ्ठी दिली होती. चिठ्ठीत लिहिले होते, ‘न्यू थ्री-डीएस’. काकांनी त्याचा अर्थ सरळ लावला. न्यू म्हणजे नवा, कोणी वापरलेला नको. त्यांनी दुबईहून सीलबंद, कोरे करकरीत थ्री-डीएस खेळयंत्र आणले. मुलाने आनंदाने खोके उघडले आणि त्याचा चेहरा पडला. त्याला हवे होते ते यंत्रच निराळे होते. ‘न्यू’ हे त्या यंत्राच्या नावातले अक्षर होते! निन्टेन्डो कंपनीने २०११ मध्ये थ्री-डीएस काढला आणि २०१४ मध्ये जपानात त्याचीच सुधारित आवृत्ती ‘न्यू थ्री-डीएस’ या नावाने काढली. दोन्ही उघडझाप करणाऱ्या डबीसारखे, दोन्हींना दोन पडदे. मुलाला जो माइनक्राफ्ट खेळायचा होता, तो मात्र फक्त दुसऱ्यावर चालत होता.

काकांची चूक नव्हती. दुकानदाराचीही म्हणता येणार नाही, त्याने मागितलेली वस्तू दिली. पण कित्येक महिने साठवलेले पैसे गेले आणि मुलाला गेम मिळाला नाही. त्यानंतर मी या विषयाकडे जरा लक्ष देऊन पाहू लागले. हातात धरून खेळायच्या या यंत्रांच्या आतले भाग कंपन्या दर दोनतीन वर्षांनी का बदलतात, आणि त्या बदलाने गेम बनवणाऱ्यांना नेमके काय मिळते, हे समजून घेण्यासारखे आहे. आपली मुले उद्या नुसती खेळणारी राहणार नाहीत. काही जण गेम बनवतीलही.

मागच्या सुट्टीत मी बहिणीकडे अल मनखूलला राहिले होते. अल मनखूल हा बर दुबईतला भाग. बुरजुमानच्या मेट्रो स्थानकातून वर येऊन खालिद बिन अल वलीद रस्त्याने चालू लागले की संगणकांच्या दुकानांची रांग लागते. तिथले लोक या रस्त्याला कॉम्प्युटर स्ट्रीट म्हणूनच ओळखतात. एका दुकानात काचेच्या कपाटात जुनी खेळयंत्रे ओळीने मांडली होती. विकणारा तरुण चिपळूणचा निघाला. आपले पूर्वजही त्याच कोकणातून मुंबईमार्गे जहाजाने मॉरिशसला गेले, हे सांगितल्यावर त्याने खुर्ची दिली आणि चहा मागवला. माझी मराठी ऐकून त्याला थोडी गंमत वाटत होती, मला त्याची. मी दोन सारखी दिसणारी यंत्रे हातात घेतली तेव्हा तो म्हणाला, “ताई, खोके तेच आहे, आतले यंत्र निराळे आहे. मागची पट्टी वाचल्याशिवाय घेऊ नका.” मागच्या चिकटपट्टीवर बारीक अक्षरांत मॉडेलचे नाव असते. दुकानातले निम्मे गिऱ्हाईक ती वाचत नाही, असे त्याचे म्हणणे.

आता मूळ गोष्ट पाहू. गेम बनवणाऱ्याला सर्वांत आधी एक माहिती लागते, ती म्हणजे यंत्राच्या पोटात किती जागा आहे. प्रोसेसर किती वेगाने काम करतो, मेमरी किती, पडद्यावर किती ठिपके आणि किती रंग, बटणे किती. फोनच्या किंवा संगणकाच्या बाबतीत हे दर गिऱ्हाइकाचे वेगळे. खेळयंत्राच्या बाबतीत ते सगळ्यांचे सारखे असते, आणि हीच त्याची मोठी सोय. जे यंत्र बनवणाऱ्याच्या टेबलावर आहे, तेच लाखो मुलांच्या हातात आहे. कंपनीने आतला भाग सुधारला की बनवणाऱ्याला नवी जागा मिळते, पण ही खात्री जाते. आता काहींच्या हातात जुने, काहींच्या हातात नवे. गेम कोणासाठी लिहायचा? या लेखातली प्रत्येक हकीकत या एका प्रश्नाभोवती फिरते.

गेम बॉयपासून सुरुवात करू, कारण तो पुष्कळ वाचकांनी हाताळला असेल. १९८९ साली जपानात निघालेला हा राखाडी ठोकळा गुनपेई योकोई या निन्टेन्डोच्या अभियंत्याच्या देखरेखीखाली तयार झाला. चार पेन्सिल सेल, करड्या-हिरवट पडद्यावर चार छटा, कामाची मेमरी फक्त ८ किलोबाइट. म्हणजे या लेखाची सगळी अक्षरेही तिच्यात मावणार नाहीत. योकोईंचे मत असे की नवे महाग तंत्र घेण्यापेक्षा जुने, मुरलेले, स्वस्त तंत्र घ्यावे आणि ते निराळ्या तऱ्हेने वापरावे. बाजाराने त्यांना दुजोरा दिला. गेम बॉय आणि त्याचा रंगीत भाऊ मिळून जगात ११ कोटींहून अधिक विकले गेले.

रंगीत भाऊ आला १९९८ मध्ये. गेम बॉय कलर. त्याचा प्रोसेसर दुप्पट वेगाने चालू शकत असे, मेमरी ८ वरून ३२ किलोबाइट झाली, आणि पडद्यावर एका वेळी ५६ रंग दाखवता येऊ लागले. बनवणाऱ्यांपुढे लगेच तो प्रश्न उभा राहिला. जुन्या गेम बॉयवाल्या कोट्यवधी मुलांना सोडून द्यायचे का?

निन्टेन्डोने यावर काढलेली तोड मला फार आवडते. कॅसेटचे तीन प्रकार झाले. राखाडी कॅसेट म्हणजे जुना गेम. काळी कॅसेट दोन्ही यंत्रांवर चालणारी, जुन्यावर करडी दिसणारी आणि नव्यावर रंगीत. पारदर्शक कॅसेट फक्त नव्यासाठी. मूळ गेम बॉयचा बटणाचा खटका चालू करताना कॅसेटच्या कोपऱ्यातल्या खाचेत अडकत असे. पारदर्शक कॅसेटला ती खाचच ठेवली नव्हती. त्यामुळे ती जुन्या यंत्रात घातली तरी खटका सरकत नसे, यंत्र चालूच होत नसे. लहान मुलाला वाचता येत नसले तरी हाताला कळत होते. शिक्षिकेच्या नजरेने पाहता याहून चांगली सूचना कोणती असणार!

काळ्या कॅसेटचे काम मात्र अवघड. गेम सुरू होताना यंत्र प्रोग्रामला एक खूण देते, आणि तीवरून प्रोग्राम ओळखतो की आपण जुन्या घरात आहोत की नव्या. आपल्याकडे घर बांधताना छपरावर लोखंडी सळया उघड्या ठेवतात, पुढे मुलगा वरचा मजला बांधील म्हणून. काळ्या कॅसेटचे गेम तसेच. खालचा मजला सर्वांसाठी, वरचा ज्याच्याकडे नवे यंत्र आहे त्याच्यासाठी. ‘लिंक्स अवेकनिंग’ हा १९९३ चा गेम १९९८ मध्ये अशा रीतीने पुन्हा काढला, तेव्हा त्यात एक नवे तळघर घातले होते. त्या तळघरातली कोडी रंगांवरच बेतलेली होती. म्हणून जुन्या यंत्रावर त्यात शिरताच येत नसे. रंग हा इथे शोभेपुरता नव्हता, त्यातून नवे कोडे निर्माण झाले होते. कोडे घालणाऱ्याला नवा कागद मिळाला तर तो काय करील, याचा हा सरळ नमुना.

पोकेमॉनच्या बाबतीत पुढची पायरी दिसते. १९९९ चे गोल्ड आणि सिल्व्हर हे गेम दोन्ही यंत्रांवर चालत. पाठोपाठ २००० च्या डिसेंबरात आलेला क्रिस्टल फक्त रंगीत यंत्रासाठी होता, आणि त्यात लढाईला उतरणारा प्राणी प्रथमच हलू लागला. आधी तो स्थिर चित्र होता. दोन वर्षांत नवी यंत्रे पुरेशी विकली गेली होती, म्हणून बनवणाऱ्यांनी जुन्यांचा हात सोडला. तो कधी सोडायचा, हे प्रोग्राम लिहिणारा ठरवत नाही. विक्रीचे आकडे ठरवतात.

पुढची हकीकत उजेडाची आहे, आणि मला वाटते सगळ्यांत बोलकी तीच. २००१ मध्ये गेम बॉय अॅडव्हान्स आला. पडदा मोठा, रंग भरपूर, पण त्याच्या मागे दिवा नव्हता. फ्लिक-आं-फ्लाकच्या किनाऱ्यावर दुपारी तो छान दिसे. संध्याकाळी बसमध्ये बसले की काही दिसत नसे. कॅसलव्हानिया नावाच्या मालिकेचा ‘सर्कल ऑफ द मून’ हा गेम या यंत्राबरोबरच निघाला. त्यात अंधारे किल्ले आणि भुयारे होती. खेळणाऱ्यांनी तक्रार केली की आम्हाला राक्षस दिसतच नाहीत. २००२ मध्ये त्याच मालिकेचा ‘हार्मनी ऑफ डिसोनन्स’ हा गेम आला. त्यात चित्रकारांनी उलट टोक गाठले. सगळे रंग भडक. किल्ला भुताचा, पण रंग जत्रेतल्या पाळण्यासारखे. दिवा नाही म्हणून चित्रकाराचा हात असा बांधला गेला होता.

२००३ मध्ये कंपनीने अॅडव्हान्स एसपी काढला. घडी घालता येणारा, चार्ज करता येणारी बॅटरी, आणि मुख्य म्हणजे पडद्यावर उजेड टाकणारा दिवा. पुढे २००५ च्या सुमारास मागून उजेड येणारा पडदा आला. प्रोसेसर तोच, मेमरी तीच, एक अक्षरही जास्त मावत नव्हते. तरीही चित्रकाराला रात्र रात्रीसारखी रंगवता येऊ लागली. यंत्र सुधारले म्हणजे वेग वाढला, असे आपण धरून चालतो. इथे केवळ एका दिव्याने काम झाले. मात्र त्याच एसपीवरून कानात घालायच्या वायरचे नेहमीचे भोक काढून टाकले होते. वेगळा जोड विकत घ्यावा लागे. देताना एका हाताने काढून घेण्याची ही सवय पुढे पुष्कळदा दिसते.

सोनी कंपनीच्या पीएसपीची गोष्ट याहून वेगळी आहे. २००४ च्या डिसेंबरात जपानात निघालेल्या या यंत्राचा प्रोसेसर ३३३ मेगाहर्ट्झ वेगाने चालण्याजोगा होता. सोनीने गेम बनवणाऱ्यांना २२२ ची मर्यादा घातली होती. वेग जास्त म्हणजे बॅटरी लवकर उतरते. २००७ मध्ये सोनीने यंत्राच्या आतला कार्यक्रम बदलला आणि ही मर्यादा उठवली. कॅलिफोर्नियातल्या रेडी अॅट डॉन या चमूने २००८ मध्ये काढलेल्या ‘गॉड ऑफ वॉर: चेन्स ऑफ ऑलिम्पस’ने हा वेग वापरला. यंत्रात एक खिळाही बदलला नव्हता. फक्त परवानगी बदलली होती.

उलट त्याच २००७ मध्ये आलेल्या सडपातळ पीएसपीत, ज्याला पीएसपी-२००० म्हणतात, मेमरी ३२ वरून ६४ मेगाबाइट झाली होती. दुप्पट! पण गेमवाल्यांना ती वापरून नवे काही मांडता आले नाही, कारण जुन्या यंत्रांवर तो गेम चालला नसता आणि जुनी यंत्रे फार होती. वाढीव मेमरी तबकडीवरची माहिती आधीच वाचून ठेवण्यासाठी वापरली गेली, म्हणजे गेम सुरू व्हायला वेळ कमी लागला. तिचा खरा उपयोग भलत्याच कामाला झाला. २००८ च्या जानेवारीत सोनीने पीएसपीवर स्काइपची सोय दिली, ती फक्त या सडपातळ यंत्रावर. जुन्याच्या मेमरीत ते मावत नव्हते. खेळायच्या वस्तूवरून फोन!

मनखूलच्या माझ्या मेहुण्यांनी तेव्हा हे ऐकून एक पीएसपी घेतला होता. क्यूरपिपला आईशी फुकट बोलायचे, हा बेत. संयुक्त अरब अमिरातीत परवाना नसलेल्या कंपन्यांच्या इंटरनेट फोनला त्या काळी मनाई होती, त्यामुळे आईला फोन जुन्याच पद्धतीने होत राहिला. पुढे त्यांच्या मुलाने त्यावर मोटारींच्या शर्यती खेळल्या. यंत्राने दार उघडले तरी त्याच्यापलीकडे आणखी दारे असतात. बहीण अजून त्यांना यावरून चिडवते.

असो. आता आपल्या खरेदीला सर्वांत जास्त झोंबणारा भाग. २००४ च्या निन्टेन्डो डीएसच्या कॅसेटला देशाचे बंधन नव्हते. जपानची कॅसेट रोझ हिलच्या मुलाच्या यंत्रात चाले, अमेरिकेची पोर लुईच्या. २००८ मध्ये जपानात आणि २००९ मध्ये इतरत्र त्याची सुधारित आवृत्ती डीएसआय निघाली. दोन कॅमेरे, मेमरी ४ वरून १६ मेगाबाइट, दुप्पट वेगाचा प्रोसेसर, एसडी कार्डाची खाच. शिवाय इंटरनेटवरून थेट लहान गेम विकण्याचे दुकान, ज्याला डीएसआयवेअर म्हणत. छोट्या चमूंना याचा मोठा आधार झाला. कॅसेट छापायची तर कारखाना, माल, दलाल, सगळे लागते. आता दोनतीन माणसांनी केलेला लहान गेम काही थोड्या पैशांत विकता येऊ लागला.

पण या यंत्रावरून जुन्या अॅडव्हान्स कॅसेटची खाच काढून टाकली होती. ती खाच नुसती जुन्या गेमांसाठी नव्हती. २००८ च्या ‘गिटार हीरो: ऑन टूर’ने त्या खाचेत चार बटणांची एक मूठ बसवली होती, म्हणजे हातातले यंत्रच गिटार होई. कल्पक माणसांनी एका रिकाम्या खाचेतून काढलेली ही शक्यता डीएसआयवर संपली. गेम विकत घेतलेला, मूठ घेतलेली, पण बसवायची कुठे? आणि डीएसआयसाठी खास बनवलेल्या गेमांना देशाचे बंधनही आले. पोकेमॉन ब्लॅक आणि व्हाइट हे गेम साध्या डीएसवर कुठलेही चालत, पण डीएसआयवर यंत्र आणि कॅसेट एकाच प्रदेशाचे असावे लागे. थ्री-डीएसने तर हे बंधन सरसकट लावले.

मॉरिशसच्या दुकानांत कॅसेट येतात त्या युरोपच्या, खोक्यावर फ्रेंच मजकूर असलेल्या. दुबई हे सगळ्या जगाचा माल येऊन जाण्याचे बंदर. तिथल्या कपाटात जपानी, अमेरिकी आणि युरोपी यंत्रे शेजारी शेजारी बसलेली असतात, आणि किंमत ज्याची कमी ते उचलले जाते. चिपळूणच्या त्या तरुणाने मला जपानी थ्री-डीएस दाखवला. सुरेख निळा रंग, किंमतही बरी. “पण हा तुमच्याकडे नेलात तर तिकडची कॅसेट यात चालणार नाही,” असे त्याने स्वतःहून सांगितले. सगळेच विकणारे इतके सांगत नाहीत.

आता पुन्हा त्या मुलाच्या न्यू थ्री-डीएसकडे येऊ. त्यात प्रोसेसरचा वेग २६८ वरून ८०४ मेगाहर्ट्झ झाला, मेमरी १२८ वरून २५६ मेगाबाइट, उजव्या अंगठ्यासाठी एक बारकी काडी आली आणि खांद्याला दोन बटणे वाढली. इतकी वाढ झाल्यावर ‘झेनोब्लेड क्रॉनिकल्स’सारखा, मुळात टीव्हीला जोडायच्या यंत्रासाठी लिहिलेला प्रचंड गेम २०१५ मध्ये त्याच्यावर उतरवता आला. जुन्या थ्री-डीएसवर तो उतरलाच नसता. तरी केवळ न्यूसाठी म्हणून निघालेले गेम मोजकेच राहिले. थ्री-डीएसच्या सगळ्या आवृत्त्या मिळून साडेसात कोटींच्या वर यंत्रे विकली गेली, आणि त्यांतली फार मोठी संख्या जुन्या आवृत्तीची. कोणता व्यापारी त्यांच्याकडे पाठ फिरवील? म्हणून बहुतेकांनी काळ्या कॅसेटचाच मार्ग धरला. गेम दोन्हींवर चालवायचा आणि नव्यावर थोडा जलद.

यात एक दुखरी बाजू आहे. डीएसआयवरचे इंटरनेटचे दुकान २०१७ च्या मार्चअखेर बंद झाले. थ्री-डीएसच्या दुकानातली खरेदी २०२३ च्या मार्चमध्ये थांबली, आणि एकमेकांशी खेळायची इंटरनेटची सोय २०२४ च्या एप्रिलमध्ये. ज्या लहान चमूंचे गेम केवळ त्या दुकानातच होते, ते आता नव्याने कोणाला विकत घेता येत नाहीत. राखाडी कॅसेट मात्र आजही फुंकर मारून चालते. (फुंकर मारू नये, आतल्या धातूला ओल लागते. पण मारतात सगळेच.)

मराठी मुलखाचा या सगळ्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. पुण्यात नॉडिंग हेड्स गेम्स नावाचा एक लहान चमू आहे. त्यांनी ‘राजी: अॅन एन्शन्ट एपिक’ हा गेम बनवला. राक्षसांनी पळवलेल्या आपल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधत निघालेली राजी नावाची मुलगी, तिच्या मदतीला दुर्गा आणि विष्णू, कथा सांगायला छाया-बाहुल्यांचे प्रवेश. २०१७ मध्ये लोकांकडून वर्गणी गोळा करण्याचा त्यांचा प्रयत्न फसला होता, तरी काम चालू राहिले. हा गेम सर्वप्रथम कोठे प्रसिद्ध झाला? निन्टेन्डो स्विच या हातातही धरता येणाऱ्या यंत्रावर, १८ ऑगस्ट २०२० रोजी. इतर यंत्रांवर तो नंतर आला.

त्या वेळी स्विचची तीन रूपे बाजारात होती. २०१७ चे मूळ, २०१९ मध्ये आलेले कमी वीज खाणाऱ्या चिपचे, आणि त्याच वर्षीचे लहान स्विच लाइट. नव्या चिपने अधिक वेगाने धावणे शक्य होते. निन्टेन्डोने वेग जुन्याइतकाच ठेवला आणि वाचलेली वीज बॅटरीला दिली. मूळ यंत्र अडीच ते साडेसहा तास चालायचे, ते साडेचार ते नऊ तास चालू लागले. पुण्याच्या चमूसारख्या लहान चमूला हेच बरे. तीन यंत्रांवर तीनदा घाम गाळावा लागत नाही. एवढे मात्र लक्षात ठेवावे लागते की लाइटचा पडदा साडेपाच इंचांचा, मूळ सव्वासहाचा, आणि लाइट टीव्हीला जोडता येत नाही. अक्षरे लहान पडद्याच्या मापाने काढावी लागतात. लाइटची बटणेही वेगळी काढता येत नाहीत, त्यामुळे दोघांनी एकेक मूठ हातात घेऊन खेळायचे गेम त्यावर जादा सामान घेतल्याशिवाय चालत नाहीत. भावंडांसाठी यंत्र घेणाऱ्यांनी स्वस्त म्हणून लाइट उचलण्याआधी एवढे पाहावे.

२०२५ च्या जूनमध्ये स्विच २ आला. त्याची मेमरी १२ गिगाबाइट, जुन्याची ४. हे नवे यंत्र आहे, सुधारित आवृत्ती नव्हे. तरी त्यावर जुन्या स्विचचे बहुतेक गेम चालतात आणि काही गेमांना पैसे भरून सुधारित रूप मिळते. जुन्या स्विचची पंधरा कोटींहून अधिक यंत्रे लोकांच्या घरात असल्यामुळे गेम बनवणारे तिकडे पाठ करायला अजून कचरत आहेत. १९९८ चाच प्रश्न, फक्त आकडे वाढले.

वर्गात हे मुलांना कसे दाखवावे? प्रशिक्षणात आम्हाला सांगत, अमूर्त गोष्ट हाताला लागली पाहिजे. जीबी स्टुडिओ नावाचे एक मोफत साधन २०१९ पासून मिळते. त्यात प्रोग्रामच्या ओळी न लिहिता, चित्रे आणि ठोकळे मांडून खऱ्या गेम बॉयचा गेम तयार होतो. तो संगणकावर इंटरनेटच्या पानात खेळता येतो, आणि कोऱ्या कॅसेटमध्ये भरला तर १९८९ च्या यंत्रावरही चालतो. त्यात सुरुवातीलाच एक निवड करावी लागते. फक्त करडा, रंगीत आणि करडा दोन्ही, की फक्त रंगीत. म्हणजे त्या राखाडी, काळ्या आणि पारदर्शक कॅसेटच!

माझ्या शनिवारच्या गटातल्या सात मुलांनी मागच्या सत्रात झाकरी नाचाचा एक लहानसा गेम केला. नाचणाऱ्यांच्या रिंगणात लाल लुगड्याची बाई पुढे आली की एक बटण दाबायचे, हिरव्या लुगड्याची आली की दुसरे. ‘फक्त रंगीत’ निवडावे, असे पाच जणांचे मत पडले, आणि त्यांचे म्हणणे बरोबरही होते, रंगावरच खेळ होता. दोन मुली अडून बसल्या. एकीच्या आजोबांकडे जुना राखाडी गेम बॉय आहे आणि त्यावर खेळता आले पाहिजे, हा तिचा हट्ट. करड्या पडद्यावर लाल आणि हिरवे सारखेच दिसू लागले, तेव्हा तिने एका लुगड्याला आडव्या रेघा काढल्या आणि दुसऱ्याला ठिपके. लुगडे आठ ठिपके रुंद आणि सोळा उंच एवढ्याच चौकटीत बसवायचे होते, त्यामुळे रेघा तीनच मावल्या. नंतर मुलांच्या लक्षात आले की गटातल्या ज्या एका मुलाला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, तोही आता बटण बरोबर दाबतो.